घरात हळू बोलायचं

आमच्या घरी कोणी पहिल्यांदा आलं की त्याला वाटायचं, आपण भर भांडणात येऊन पडलो. आई चुलीपासून ओरडायची, "पाव्हण्याले च्या देऊ का सरबत?" बाबा पडवीतून तितक्याच जोरात, "च्याच दे! सरबत कायले?" रमेशदादा मधल्या खोलीतून, "माह्यासाठी पण ठेवजो!" आणि पाहुणा बिचारा डोळ्यांनीच आपल्या चपला शोधू लागायचा. भांडण नव्हतं हो ते! ते आमचं साधं बोलणं होतं. "भूक लागली" हेसुद्धा आम्ही आग लागल्यासारखं सांगायचो. शाळेत बाई म्हणायच्या, वंदना, मी काही नदीच्या पलीकडे उभी नाही. मला त्यांचाच राग यायचा, कारण त्या इतक्या हळू बोलायच्या की मला वाटे ह्यांची तब्येत बरी नसावी.

भंडाऱ्यातली आमची गल्ली पितळेची भांडी घडवणाऱ्यांची. सकाळी पहिली हातोडी पडली की दिवसभर तिला खंड नाही. समोरच्या घरी म्हातारे गोविंदकाका, शेजारी त्यांचे पुतणे, आणि आमच्याकडे दोन ऐरणी, एकीवर बाबा, दुसरीवर दादा. प्रत्येकाचा ठोका वेगळा. बाबांचा सलग, एकसारखा, दादाचा मध्येच घाई करणारा. त्या ठणठणाटात आम्ही अभ्यास केला, जेवलो, झोपलो, तापानं फणफणलो. हातोड्या चालू असताना ओरडूनही भागत नसे, तेव्हा हातांची बोली होती. आईनं मूठ तोंडाजवळ नेली की जेवण, अंगठा खाली केला की पाणी संपलं, कपाळावर हात मारला की तिची नणंद येऊन राहिली आहे. जेवणाला भात, लाखोळीची डाळ, भेदराची म्हणजे टोमॅटोची चटणी, वर कच्चा सांभार, म्हणजे कोथिंबीर, कधी वांग्यात सुके झिंगे. जेवायला बसलो की हातोड्या थांबायच्या, पण आमचे गळे मात्र त्याच पट्टीत चालू राहायचे. ते खाली आणायचे असतात हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता मी साकोलीत राहते, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. हाकेच्या म्हणजे आमच्या घरच्या हाकेच्या. ट्रकांचे हॉर्न असे वाजतात की कपातला चहा थरथरतो, आणि पलीकडच्या लॉनमध्ये लग्न असलं की खिडकीच्या काचा बोलायला लागतात. मी तक्रार करते, लोक म्हणतात मॅडमला उत्सवाचं वावडं आहे. म्हणोत बापडे. ज्या बाईनं आपल्या बापाचे कान जाताना पाहिले आहेत, तिला काय म्हणायचं ते म्हणा.

तर बाबांचा कान. आमच्या गल्लीत बाबांचं नाव होतं ते हातासाठी नाही, कानासाठी. पाणी भरायचं पितळी गुंड, म्हणजे घागर, एका पत्र्यातून होत नाही, वरचा आणि खालचा भाग वेगळा घडवून मधे झाळून जोडावा लागतो. तो जोड नीट बसला की नाही, हे डोळ्याला दिसत नाही. गुंड डाव्या हाताच्या बोटांवर काठानं लटकवायचं आणि उजव्या हाताच्या पेरानं टिचकी मारायची. जोड पक्का असेल तर लांबवर जाणारा ठण्ण आवाज येतो. कच्चा असेल तर खद्द होऊन तिथंच मरतो. शेजारचे लोक आपली भांडी बाबांकडे आणायचे, "भाऊ, जरा ऐकून द्या." बाबा मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "ने, बेस वाजते," किंवा "पुन्हा झाळ." त्यावर कोणी हुज्जत घालत नसे. तेव्हा स्टील सगळीकडे पोचलं होतं, पण पोरीच्या लग्नात आंदणाला पितळेचं गुंड द्यायची रीत खेड्यांतून टिकून होती, आणि त्या रीतीवर आमचं घर चालत होतं.

एका दुपारी करडीहून दादाजी नावाचे शेतकरी आले. पोरीच्या लग्नासाठी त्यांनी आमच्याकडून गुंड नेलं होतं. तेच गुंड दुपट्ट्यात बांधून त्यांनी काखेत धरलं होतं. जेवणाची वेळ असल्यानं साऱ्या गल्लीच्या हातोड्या बंद होत्या. दादाजी भला माणूस. पाणी प्याले, धानाच्या कापणीचं बोलले, मग खाली पाहतच म्हणाले, "भाऊ, राग नका मानू. पोरीनं सासरी पयल्याच दिवशी पाणी भरलं. घरी येऊन पाहाते तं कमरेखाली सारं पातळ वलं. लोकं हासले ना."

"माह्या हातचं गुंड गळते?" बाबा ताडकन उठले. त्यांनी दुपट्टा सोडला, गुंड बोटांवर लटकवलं आणि टिचकी मारली.

खद्द.

मी ऐकलं, आईनं ऐकलं, दादानं ऐकलं, दादाजींनी ऐकलं. बाबांनी मान तिरकी केली, डोळे मिटले, पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तेच. आणि बाबा डोळे उघडून ठामपणे म्हणाले, "बेस वाजते! कुठं गळते?"

दादा पायाच्या अंगठ्यानं जमीन कोरत होता. आईच्या हातात पाण्याचा गडवा होता. तिनं ते गुंड बाबांच्या हातातून घेतलं, खाली ठेवलं आणि गडव्यामागून गडवा ओतत पाणी जोडाच्या वर आणलं. थोड्या वेळानं जोडावर थेंबांची बारीक रांग उभी राहिली. बाबा त्या थेंबांकडे पाहत राहिले. मग बोटानं ते पुसले, जणू पुसल्यानं जोड पक्का होणार होता. "नवीन घडवून देतो," ते म्हणाले. "मी सोता घेऊन येतो करडीले." दादाजींनी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि गेले. त्या दिवशी बाबांची हातोडी लागली ती थेट दिवेलागणीपर्यंत, एकदाही न थांबता.

नवीन गुंड तयार झालं तेव्हा बाबांनी टिचकी मारली, पण ह्यावेळी डोळे मिटले नाहीत. ते दादाच्या तोंडाकडे पाहत होते, मग माझ्या. आवाज छान आला होता, म्हणून मी जोरानं ओरडले, "बेस आहे बाबा!" ते म्हणाले, "मले माहीत नाही का?" आणि गुंड दुपट्ट्यात बांधायला लागले.

करडीला मी त्यांच्याबरोबर गेले. आईनंच पाठवलं. एसटीतून उतरलो आणि तलावाच्या पाळीवरून चालू लागलो. धान कापून झालं होतं, बांध्या रिकाम्या पडल्या होत्या, पाण्यावर पाखरं होती. असली शांतता माझ्या सवयीची नव्हती, मला जरा भ्यायलाच झालं. अर्ध्या वाटेवर बाबा थांबले.

"वंदे, इथं धानाची मिल कुठं आहे व?"

"दिसत तं नाही बाबा. काहून?"

"मशीन चालू आहे ना. कवाची भर्र भर्र करून राहिली. तुले ऐकू नाही येऊन राहिली?"

मी चहूकडे पाहिलं. लांबवर एक माणूस बैल धूत होता, बाकी काही नाही. "मशीन नाही बाबा इथं," मी ओरडले. ते हसले. "बह्याड आहे का तू? इतकी मोठी मशीन..." मग त्यांचं हसू थांबलं. गुंड खाली ठेवून त्यांनी दोन्ही तळवे कानांवर दाबले. दाबून तसेच उभे राहिले, माझ्याकडे पाहत. कान झाकूनही मशीन चालूच होती. ते पाळीवरच बसले, आणि मला म्हणाले, "हे माह्या डोक्यात आहे व माय." आयुष्यात त्यांनी मला पहिल्यांदा घाबरून काही सांगितलं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि काय करावं ते न सुचून त्यांचा हात धरला.

आज मी त्यांना त्याच पाळीवर नेलं असतं तर त्यांना डोक्यातली ती मिल कधीच कळली नसती. रानडुकरांना हाकलायला शेतोशेती कुत्र्यांचं भुंकणं भरलेले भोंगे टांगले आहेत. लग्न असो, मिरवणूक असो, ट्रॅक्टरवर डीजेचे माणसाएवढाले डबे बांधून गावातून फिरवतात. शहरात कान किटले की खेड्यात जावं, अशी सोय उरलेली नाही. लोक मला अजून सांगतात, मॅडम, चार दिवस गावाला जाऊन या, शांत वाटेल. मी म्हणते, तुम्हीच जाऊन या आधी.

भंडाऱ्याला परतल्यावर आई हात धुऊन बाबांच्या मागे लागली आणि त्यांना दवाखान्यात नेलंच. डॉक्टरांनी कानात पाहिलं, यंत्र लावून तपासलं आणि सांगितलं, गेलेलं परत येत नाही. उरलं आहे ते सांभाळा. काम करताना कान बंद ठेवा, नाहीतर हेही जाईल. बाबा घरात पाऊल टाकताच सुरू झाले. "कानात बोळे घालून पितळ ठोकू? हातोडी बसून राहिली का घसरून राहिली, हे कानालेच समजते. डॉक्टरले काय समजते? अन् मले सारं ऐकू येते! सांगा, ह्या घरातलं तुमचं येक तरी बोलणं चुकते का माह्यानं?"

चुकत नव्हतं. खरंच चुकत नव्हतं, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही सारे जन्मभर ओरडत आलो होतो, म्हणून त्या माणसाला आपले कान गेल्याचं कळलंच नव्हतं. दुसऱ्या कोणत्याही घरात ते कधीच उघडं पडलं असतं. आमच्याकडे बाप बहिरा होत गेला आणि आम्ही त्याच्या जोडीनं एकेक पट्टी वर चढत गेलो.

माझ्या आधी ते आईला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला आणि दादाला चुलीजवळ बोलावलं आणि ती बोलली. मी चमकून तिच्याकडे पाहिलं. आईचा हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. बारीक होता, थोडा घोगरा, आणि फार गोड होता. "आजपासून घरात हळू बोलायचं," ती म्हणाली. "बाकीचे लोक बोलतेत तसं. हाताच्या खुणाही नाही करायच्या."

"बाबाले ऐकू नाही येणार ना," दादा म्हणाला.

"म्हणूनच," आई म्हणाली.

सांगायला सोपं, हो! आमच्या गळ्यांना हळू बोलणं येतच नव्हतं. मी "आई" म्हणायला तोंड उघडलं की गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि आई चिमटा काढायची. दादा तर कुजबुजायला लागला, चोरांसारखा. पहिल्या दिवशी बाबांना वाटलं, साऱ्यांना सर्दी झाली. दुसऱ्या दिवशी ते भडकले. "तोंडात मूग धरले का साऱ्यायनं? काय कट करून राहिले?" आई शांतपणे, हळू, म्हणायची, "कट नाही. बोलून राहिलो." बाबांना फक्त ओठ दिसायचे. ते ताट सरकवून उठायचे आणि ऐरणीवर जाऊन असे ठोकायचे की बिचाऱ्या पत्र्याची दया यावी. एकदा आईनं विचारलं, "मीठ कमी झालं का?" बाबा अंदाजानं म्हणाले, "उद्या जाईन बाजारात." दादा फिस्सकन हसला. आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचा घास घशातच अडकला. आणि बाबांनी ते हसू पाहिलं. ते मान खाली घालून जेवले.

मला ते सहन झालं नाही. मी परसात आईला गाठलं आणि रडायलाच लागले. "पुरे कर आई. मले पाहवत नाही."

"मले पाहवते का?" ती म्हणाली. भांडी घासायची थांबली नाही. "आज सोडून देल्लं तं हा माणूस सारा बहिरा होईन. मंग मी कोणाशी बोलू व? लगन झालं तवापासून वरडूनच बोलली मी ह्याच्याशी. सुखाचं बोलली तेही वरडून, दुखाचं बोलली तेही वरडून, साऱ्या गल्लीनं ऐकलं. मले येकदा तरी ह्याच्याशी हळू बोलायचं आहे." मग तिनं हात धुतले, माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "चाल. स्वयंपाकाले लाग."

पुढचे दिवस तसेच गेले. आई एक पट्टीही वर चढली नाही. मग एका सकाळी बाबा ऐरणीवर बसण्याआधी देवापाशी गेले, वातीच्या कापसातून एक मोठा तुकडा तोडला, त्याचे बोळे वळले, तेलात बुडवले आणि कानात कोंबले. उरलेला कापूस दादाच्या अंगावर फेकला. "तूही घाल," ते म्हणाले. सुरुवातीला त्यांचे ठोके चुकले. एक अख्खं भांडं वाया गेलं. त्यांनी शिव्या दिल्या, पण बोळे काढले नाहीत. डाव्या हाताची बोटं पत्र्याखाली ठेवून ते ठोका बोटांनी ऐकायला शिकू लागले. आणि संध्याकाळी बोळे काढून ते चुलीजवळ पाटावर येऊन बसू लागले. उजवा कान आईकडे करून. आई काहीबाही बोलायची, बाजाराचं, माहेरचं. ते अधूनमधून विचारायचे, "काय?" पूर्वी त्यांनी कधी "काय?" विचारलं नव्हतं. आई तेच पुन्हा सांगायची, तितकंच हळू.

अशाच एका संध्याकाळी गल्लीत वरात शिरली. डीजे तेव्हा भंडाऱ्यात नवा नवा आला होता आणि साऱ्यांना त्याचं भारी अप्रूप होतं. गाडीवर डब्यांची भिंत, मागे जनरेटर, पुढे नाचणारी पोरं. गाडी आमच्या दारापर्यंत आली आणि तिथंच थांबून नाच सुरू झाला. फळीवरची भांडी एकमेकांवर आपटायला लागली. माझ्या छातीत आतून कोणी ठोकतंय असं वाटलं. आईचे ओठ हलताना दिसत होते. बाबा तिच्याकडे वाकले, आणखी वाकले, मग कान हातानं झाकून त्यांनी डोळे मिटले. आणि उठले. अनवाणी, खांद्यावरच्या दुपट्ट्यासह बाहेर जाऊन ते गाडीच्या अगदी समोर उभे राहिले. मी मागे धावले.

त्यांनी हात वर केला. गाडीवाल्यानं घाबरून आवाज बंद केला. नवऱ्या मुलाचा मामा पुढे आला, माणूस आमच्याच गल्लीच्या मागचा. "काय भाऊ, लगनाचं काम आहे. सारी जिनगानी तुमी ठोकठोक केली, आमी कधी बोललो का?"

नाचणारी पोरं हसली. गल्लीतले सारे कारागीर दारात आले होते. बाबांनी मला विचारलं, "काय म्हणते?" मला ते सांगायचं नव्हतं. पण सांगितलं, त्यांच्या कानाशी, मोठ्यानं, सगळं.

बाबांनी मान डोलावली. "खरं बोलते," ते म्हणाले. आणि मग त्या माणसाकडे वळून, साऱ्या गल्लीसमोर, आमच्या जुन्या पट्टीत बोलले, "मले ऐकू येत नाही. ठोकून ठोकून कान गेले माहे. इतके गेले का माह्या हातचं भांडं फुटकं वाजलं, अन् मले समजलं नाही. पोरीच्या सासरी पाणी गळलं त्याचं. जे थोडं उरलं, ते मी घरासाठी ठेवलं आहे. माही बायको आता हळू बोलते. तिचं बोलणं मले ऐकायचं आहे. हे तुमचं आमच्या दारावरून बंद करून न्या."

कोणी हसलं नाही. समोरच्या दारात गोविंदकाका बायकोला विचारत होते, "काय म्हणला थो?" आणि ती त्यांच्या कानाशी सारं ओरडून सांगत होती, अगदी पहिल्यापासून. शेजारच्या दारातही तसंच चाललं होतं. मामानं गाडीवाल्याला हातानं पुढे व्हायची खूण केली. वरात आमच्या गल्लीतून चालत गेली. जनरेटरची तेवढी घरघर आणि पोरांच्या चपलांचे आवाज. गल्ली संपल्यावर पुन्हा सुरू झालंच, मी खोटं कायला सांगू?

बाबा आत आले, पाय धुतले आणि पाटावर बसले. चारचौघांत जे लपवायला त्यांनी इतकी धडपड केली होती, ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलं होतं. आई चुलीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून वांग्याची भाजी हलवत होती. बाहेरचं सारं तिनं ऐकलं होतं. मग न वळता, त्या बारीक, घोगऱ्या आवाजात तिनं विचारलं, "वाढू का?"

"वाढ," बाबा म्हणाले. "पण मले वांगे कमी टाकजो."